वनांचा ऱ्हास आणि आपले उपनगरी जीवन

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला आहे आणि भोजनाची पाने मांडावयास अद्याप थोडा अवकाश आहे. या मधल्या वेळेत एखाद्या व्याख्यात्याला उभे करण्याची आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. अशा वेळी श्रोत्यांचे निम्मे चित्त मुदपाकखान्याकडे असते, हे मी स्वतः अनेक वर्षे श्रोत्यांत बसून अनुभवले आहे. म्हणून फार वेळ घेणार नाही.

कार्यकारी मंडळाने मला विषय दिला तो वनांच्या ऱ्हासाचा मानवी जीवनावर होणारा परिणाम हा. विषयाचा पसारा अमेझॉनच्या खोऱ्यापासून हिमालयापर्यंत नेता येईल. परंतु इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. आज या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी निम्मी अंधेरी-बोरिवलीकडून आली आहेत आणि निम्मी मुलुंड-घाटकोपरकडून. या दोन्ही मंडळींच्या मधोमध एक डोंगर उभा आहे. एकमेकांच्या घरी हळदीकुंकवास जावयाचे तर आपणांस त्या डोंगराला वळसा घालून जावे लागते, आणि त्याबद्दल आपण त्याला मनातल्या मनात दूषणेही देतो. त्या डोंगरावरील वनाविषयीच मी आज बोलणार आहे.

आपण राहतो त्या ठिकाणांची नावे प्रथम पाहा. बोरिवली हे नाव बोरीच्या झाडांवरून पडले असे सांगतात. मालाडचे चिंचोली, कुरारजवळचा पिंपरीपाडा, ही नावे आपला अर्थ स्वतःच सांगतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी जेथे बिऱ्हाडे केली त्या मुंबईतही चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी, ताडदेव ही नावे आहेतच. झाड गेले आणि नाव राहिले. चिंचपोकळीच्या स्थानकावर उतरून चिंच शोधणारा मनुष्य आज वेडा ठरेल. उपनगरांची नावेही त्याच वाटेने चालली आहेत. फरक इतकाच की येथे अद्याप झाडे पुरती गेलेली नाहीत.

ती का गेली नाहीत, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे. मुंबईसारख्या शहराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे वन शिल्लक राहते, त्यात बिबट्या नांदतो, ही जगातील नवलाची गोष्ट मानली जाते. आज त्याला आपण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतो. जुन्या मंडळींच्या तोंडी 'नॅशनल पार्क' एवढेच असते. हे वन कोणाच्या वृक्षप्रेमामुळे टिकले असे समजू नका. ते टिकले तहानेमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावर पाण्याची दशा बिकट होती. विहिरी आणि तलाव यांवर वाढत्या वस्तीची तहान भागेना. तेव्हा साष्टीच्या डोंगरात मिठी नदीच्या उगमाशी बांध घालून विहार तलाव करण्यात आला. १८६० साली त्याचे काम पुरे झाले, आणि मुंबईला नळाने पाणी प्रथम मिळाले ते या तलावाचे. पाठोपाठ १८७९ साली तुळशी तलाव झाला. तलाव बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तलावात पाणी येते ते भोवतालच्या उतारांवरून, आणि ते उतार झाडीने झाकलेले असतील तरच पाणी स्वच्छ येते आणि गाळ येत नाही. म्हणून तलावांभोवतीचे डोंगर राखले गेले, वस्तीला व नांगराला मनाई झाली. पुढे तीच राखलेली भूमी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा झाली.

तत्पूर्वी दीड-दोन हजार वर्षे याच डोंगरात कान्हेरीचे भिक्षू राहत होते. शंभरांहून अधिक लेणी त्यांनी कोरली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती शाळेच्या सहलीत पाहिली असतील, परंतु मुलांचे लक्ष माकडांकडेच अधिक असते. पुन्हा जाल तेव्हा लेण्यांच्या दाराशी खडकात कोरलेली टाकी अवश्य पाहा. तेथील शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. छतावर पडणारा पावसाचा थेंब पन्हळीतून टाक्यात कसा उतरावा याची योजना इतकी नेटकी आहे की आजच्या इमारतींच्या गच्चीवरील नळांनी लाजावे. त्या भिक्षूंना डोंगर, झाड आणि पाणी यांचे नाते उमगले होते. त्याशिवाय शेकडो माणसांना उन्हाळा त्या कातळावर काढता आला नसता.

हे नाते थोडे उलगडून सांगतो, कारण 'झाडे पाऊस आणतात' एवढे वाक्य पाठ करून आपण थांबतो आणि मुख्य गोष्ट निसटते. कोकणपट्टीचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा. तो आपल्या डोंगरावर झाड असले तरी पडेल आणि नसले तरी पडेल. प्रश्न पडलेल्या पाण्याचे काय होते हा आहे. दाट झाडीवर सर कोसळते तेव्हा तिचा पहिला मार पाने खातात. पानांवरून, फांद्यांवरून, खोडावरून ती सावकाश खाली उतरते. खाली पाचोळ्याची गादी असते, ती पाणी पिते. मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी जमीन पोखरून भुसभुशीत केलेली असते, त्या वाटांनी पाणी आत मुरते आणि मग आठवड्यांनी, महिन्यांनी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आता तीच सर उघड्या उतारावर पडू द्या. थेंबांच्या माराने वरची माती ठोकली जाते, तिची छिद्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी धावू लागते आणि धावताना माती घेऊन जाते. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई ही दोन्ही संकटे एकाच कारणातून उपजतात, हे ध्यानात घ्यावे.

दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्या आपल्या या डोंगराळ पट्ट्यातच उगम पावतात. पोयसर ही नदी आहे हे कांदिवलीत जन्मलेल्या तरुणालाही सांगावे लागते. तो तिला नाला समजतो, आणि तिची अवस्था पाहता त्याला दोष देता येत नाही. उगमाकडे वन आहे तोवर या नद्यांत निदान काही मैल तरी नितळ पाणी असते. खाली आल्यावर दोन्ही तीरांवर भिंती, तळाशी काँक्रीट, पात्रात कचरा, आणि मुखाशी जेथे भरतीचे पाणी सामावून घेणारी तिवरे होती तेथे भराव.

२६ जुलै २००५ हा दिवस येथे बसलेल्या कोणासही विसरणे शक्य नाही. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच दिवशी कुलाब्यास ७५ मिलिमीटरही झाला नाही. कलिना, कुर्ला, साकीनाका येथील आपल्या कित्येक कुटुंबांनी ती रात्र पोटमाळ्यावर अथवा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढली. पुष्कळांच्या घरची लग्नाची छायाचित्रे, दाखले, दस्तऐवज त्या पाण्यात गेले. मी अतिशयोक्ती करू इच्छित नाही: इतका पाऊस कोणत्याही वनाने संपूर्ण जिरविला नसता. परंतु मिठीच्या वरच्या अंगाला उतार मोकळे झाले होते, मधल्या अंगाला पात्र अरुंद झाले होते आणि मुखाशी, आज जेथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे तेथे, तिवरांची दलदल बुजविली गेली होती. पाण्याला थांबावयास जागा नव्हती आणि जावयास वाट नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. आदेश चांगला होता; तो बुडालेल्या घरांच्या नंतर आला.

डोंगरउताराची गोष्ट याहून करुण आहे. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून पन्नासाहून अधिक माणसे गाडली गेली. २००५ च्या त्याच २६ जुलैला साकीनाक्याच्या टेकडीने सुमारे सत्तर बळी घेतले. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडला, वनाच्या हद्दीलगत, जलाशयाची संरक्षक भिंत पडून तीसच्या आसपास माणसे दगावली. या ठिकाणी राहत होती ती गरीब कुटुंबे होती. त्यांतील काही तर वनजमिनीवरून उठविली जाणार म्हणून पुनर्वसनाची वाट पाहत वर्षानुवर्षे तेथेच थांबलेली होती. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातील झोपड्या हटविण्याचा आदेश दिला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना समाधान वाटले. वन वाचले पाहिजे, हे खरेच. तथापि त्या झोपड्यांतील स्त्रिया सकाळी आपल्याच घरी भांडी घासावयास येत होत्या, आणि त्यांना परवडेल असे घर या उपनगरात दुसरे नव्हते, हेही तितकेच खरे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात वनखात्याने गावकऱ्यांची गुरचराई हिरावल्याची तक्रार आहे. वन राखण्याचा भार प्रत्येक वेळी दुबळ्याच्या खांद्यावर टाकावयाचा ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता आरेविषयी. या विषयावर आपल्यातच दोन तट आहेत हे मला ठाऊक आहे. मागील खेपेस चहाच्या वेळी झालेला वाद अध्यक्षांना मध्ये पडून मिटवावा लागला होता. १९४९ साली शहरातले म्हशींचे गोठे बाहेर नेऊन दुग्धवसाहत करण्याच्या हेतूने आरेची भूमी घेतली गेली. सुमारे ३,१६० एकरांचा हा पट्टा राष्ट्रीय उद्यानाला दक्षिणेकडून लागून आहे. बिबट्याला, मोराला, रानडुकराला सरकारी नकाशावरील रेघ दिसत नाही. त्यांच्या लेखी उद्यान आणि आरे एकच. परंतु कागदोपत्री आरे हे वन नव्हते, आणि म्हणून एक तुकडा चित्रनगरीला, एक आणखी कशाला, असे करीत त्याचे लचके निघत गेले. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेची कारशेड हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबविली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. विरोध करावयास गेलेल्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली, आणि आज त्या मार्गिकेवरून गाड्या धावत आहेत.

मेट्रो नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याने अंधेरीच्या स्थानकावर सायंकाळी सहाच्या गाडीत चढण्याचा यत्न केला आहे तो असे म्हणणार नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. न्यायालयाचे दार बंद झाल्यावर आणि दुसरे उघडण्यापूर्वी, रात्रीच्या अंधारात जे काम उरकावे लागते, त्या कामावर करणाऱ्याचा स्वतःचाही विश्वास नसतो. आणि दुसरे, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावली की हिशेब फिटला, ही समजूत. चाळीस वर्षांचा वृक्ष म्हणजे चाळीस वर्षांची सावली, पाचोळा, मुळे, घरटी. हातभर उंचीचे रोप ते काम आपल्या नातवंडांच्या काळात करू लागेल. तेही ते जगले तर. रोप लावताना छायाचित्र निघते, त्याला तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालते याचे छायाचित्र मी कोठे पाहिले नाही. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे आणि ठाणे-बोरिवलीचे बोगदे डोंगराच्या पोटातून जाणार आहेत. आपण वळसा न घालता एकमेकांकडे जाऊ शकू, याचा आनंद मलाही आहे. रस्ता जमिनीखालून नेण्याचे ठरले हे वरच्या वनाचे भाग्यच. मात्र बोगद्याची तोंडे जेथे उघडतात तेथील झाडांची गणती आपण डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे.

या वनात माणसेही आहेत, हे आपण विसरतो. आरेत आणि उद्यानात वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा यांचे पाडे दुग्धवसाहतीच्या आणि उद्यानाच्या पूर्वीपासून आहेत. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप, परसात पावसाळी भात. त्यांचा वाघोबा हा देव आहे. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ तुम्हांला आरेच्या एखाद्या वळणावर शेंदूर लावलेला दिसेल. आपण वसुबारस करतो त्या सुमारास ते वाघबारस करतात. आपण बिबट्या दिसला की वनखात्याला दूरध्वनी करतो. २००४ च्या सुमारास या भागात बिबट्यांचे हल्ले फार वाढले होते. एका ठिकाणी पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडण्याने ते वाढले, कमी झाले नाहीत, असे अभ्यासकांचे मत पडले. बिबट्या येतो तो बहुधा भटक्या कुत्र्यांमागे, आणि कुत्री येतात ती आपण कुंपणापलीकडे फेकलेल्या उष्ट्यामागे. 'वनाचे दर्शन घडविणाऱ्या' उंच इमारतींच्या जाहिराती देऊन घरे विकली जातात. घेणाऱ्याला दर्शन हवे असते, वनातला रहिवासी मात्र नको असतो.

याच पाड्यांवरच्या, आणि शहापूर-वाड्याकडल्या, बायका पहिल्या पावसाच्या आधी बोरिवली, मुलुंड, ठाणे या स्थानकांबाहेर शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, सोबत काकडे असतात. आपल्या घरांतून शेवळांची भाजी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे अशी माझ्या आजीची धारणा होती, आणि काकडे घातली नाहीत तर घसा धरतो हे ती प्रत्येक सुनेला बजावी. नंतर टाकळा येतो, कुरडू येतो, कंटोली येतात, भारंगी येते. यांपैकी शेवळांची किंवा भारंगीची कोणी शेती करीत नाही. वनात मिळते तोवर मिळते. गेल्या काही वर्षांत त्या बायकांच्या पाट्यांतील शेवळे कमी होत चालल्याचे आपल्या भगिनींनीच मला सांगितले. एक म्हणाल्या, "भाव वाढला म्हणून मी तिच्याशी भांडले, तर ती म्हणाली, ताई, आता दुप्पट चालावं लागतं." वनांच्या ऱ्हासावरचे इतके नेमके वाक्य मला कोणत्या ग्रंथात आढळले नाही.

शहापूरचे नाव निघाले म्हणून सांगतो. विहार आणि तुळशी आज आपल्या शहराच्या पाण्यात शंभरातले फार तर तीन वाटे देतात. उरलेले येते तानसा, मोडकसागर, वैतरणा, भातसा या दूरच्या तलावांतून, शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून. ते तलाव ज्या डोंगरांत आहेत तेथेही तीच गोष्ट: वन आहे म्हणून पाणी आहे. आणि त्या धरणांच्या शेजारी असलेल्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. आता वाढत्या मागणीसाठी गारगाई नदीवर धरण बांधण्याची योजना महापालिकेने पुढे नेली आहे. त्यात तानसा अभयारण्याचा मोठा भाग आणि लाखो झाडे पाण्याखाली जातील. १८६० साली पाण्यासाठी वन राखले गेले. आज पाण्यासाठी वन बुडविले जाणार आहे. आपल्या इमारतीची टाकी भरून वाहत असताना पंप बंद करावयास कोणी उठत नाही, त्या पाण्याचा उगम हा असा आहे.

येथपर्यंत मी सरकार, महापालिका, न्यायालय यांच्याविषयी बोललो, आणि सर्वांनी माना डोलाविल्या. आता जे बोलणार आहे ते कदाचित काहींना रुचणार नाही.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची मुळे कोकणात आहेत. गावी एखादे पडके घर, थोडी भातखाचरे, आणि डोंगराच्या उतारावर दोन-चार एकर रायवळ रान, ज्याच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडे आहे. तेथील झाडोरा बहुतांशी अशाच खाजगी मालकीचा, म्हणजे आपला आहे. गावातून एखादा मक्तेदार दूरध्वनी करतो. "शेठ, तुमच्या डोंगरावर नुसती जंगली झाडं उभी आहेत, काही उत्पन्न नाही. सही द्या, पैसे पोचते करतो." रक्कम वीस हिश्श्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला एका दिवाळीच्या खरेदीइतकी येते. आपण सही देतो. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, कोकंब, सारे सरसकट कापले जाते. जळाऊ लाकूड म्हणून, कोळसा म्हणून भट्ट्यांत जाते. आणि मग मे महिन्यात आपणच गावी जातो तेव्हा घरामागचा झरा आटलेला पाहून म्हणतो, हवामान बदलले.

हवामान बदलले आहे, यात शंका नाही. परंतु झऱ्याने आटण्यासाठी तेवढ्याची वाट पाहिली नाही. १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन नावाचा एक शल्यवैद्य मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. कोकणातील डोंगर उघडे पडल्याने नद्या आणि खाड्या गाळाने भरत आहेत, असे त्याने त्या काळीच सरकारला लिहून कळविले होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा नदीच्या गाळाची चर्चा सुरू झाली आणि पुढे तो यंत्रांनी उपसावा लागला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. प्रत्येक दरडीमागे केवळ तोडच असते असे कोणी भूगर्भतज्ज्ञ म्हणणार नाही. खडकाची जडणघडण, एका दिवसात पडलेला पाऊस, डोंगर कापून केलेले रस्ते, सारे त्यात येते. परंतु मुळांनी धरलेली माती आणि मुळे कुजलेली माती यांत जो फरक आहे तो कळण्यास तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, गावाकडच्या रानाच्या विक्रीचा कागद आला तर सही करण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसावे. तोडच करावयाची असेल तर निवडक, वाळलेल्या झाडांची करावी; झऱ्याच्या वरचा उतार आणि देवराई यांना कोणी हात लावू नये. आपल्या संस्थेत वकील मंडळी पुष्कळ आहेत. वधूवर सूचक मंडळाप्रमाणे महिन्यातून एक रविवार त्यांनी अशा कागदांसाठी दिला तर मक्तेदारांच्या दूरध्वनींची संख्या आपोआप कमी होईल, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या याच वास्तूची. सभागृहाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आहे आणि येत्या सर्वसाधारण सभेत तो मांडला जाईल. इमारत जुनी झाली आहे, पावसात गळते, पुनर्बांधणी व्हावी यात मतभेद नाही. विकासकाने दाखविलेल्या आराखड्यात मात्र मागच्या आवारातील झाडे नाहीत. त्या जागी वाहनतळ आहे. दोन तरुण सभासदांना घेऊन मी ती झाडे मोजली. दोन आंबे, एक फणस, एक बकुळ, एक जांभूळ आणि कुंपणालगत सहा अशोक, अशी अकरा झाडे आहेत. वाहनतळ लहान केला तर विकासक संस्थेला देऊ करीत असलेली रक्कम कमी होईल, आणि त्या रकमेतून शिष्यवृत्ती निधी वाढवावयाचा आहे. म्हणजे एका पारड्यात झाडे आणि दुसऱ्यात आपलीच मुले, असे चित्र उभे केले जाते. हा पेच मी हलका मानीत नाही. आज ज्या मुलांचा सत्कार झाला त्यांतील काहींचे शिक्षण याच निधीवर झाले आहे.

तरीही माझे मत सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, अगदीच जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे सांगितले आहे. ज्या राज्याला शत्रू समुद्रावर उभा दिसत होता त्याने हा संयम पाळावयास सांगितला. आपल्याला तर केवळ वीस मोटारी उभ्या करावयाच्या आहेत. शिष्यवृत्तीची तूट वर्गणीने भरून काढता येईल. पहिल्या वर्षाची माझी वर्गणी मी आजच कोषाध्यक्षांकडे दिली आहे. आंबे आणि फणस हे माझ्या समजुतीप्रमाणे पन्नास वर्षांवरचे आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने अशा झाडांना कायद्याचे विशेष संरक्षण मिळाले आहे, आणि ती तोडावयाचीच ठरली तर त्यांच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. विकासकाला हे ठाऊक असेलच. आपल्यालाही असावे म्हणून सांगितले.

सर्वसाधारण सभेचा निर्णय माझ्या मताविरुद्ध गेला तर तो मला मान्य करावा लागेल. तरी एक ध्यानात असू द्या. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार तोडीचा अर्ज झाला की महापालिकेची सूचना त्या झाडावरच लावली जाते, आणि हरकत घेण्यास सात दिवस असतात. आपल्या राहत्या सोसायट्यांतही हाच नियम आहे. तो कागद पावसाने भिजतो, वाऱ्याने उडतो, कधी कोणी काढूनही टाकतो. सकाळी दूध आणावयास जाताना फाटकाजवळच्या झाडाकडे एकदा पाहत जावे. हरकतीचा अर्ज कसा लिहावा याचा नमुना मी चिटणीसांकडे ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी भोजनानंतर त्यांच्याकडून घ्यावा.